ऐकण्याच्या तासाची निष्पत्ती

शाळेच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून जो वर्ग आहे, तिथे आठवड्यातून एकदा एक असा तास व्हायचा की ज्याला ना पुस्तक होतं, ना वही, ना परीक्षा. जेवणाच्या सुट्टीनंतर, पोटं भरलेली आणि डोळे जडावलेले असताना तो सुरू व्हायचा. आजीबाई वर्गात येत, काठी टेबलाला टेकवून ठेवत, खुर्चीवर नीट सावरून बसत आणि एकच शब्द बोलत, "मिटा." तिसरीची सगळी मुलं डोळे मिटत. आजीबाईही मिटत. मग घंटा होईपर्यंत बोलायचं नाही, हलायचं नाही, नुसतं ऐकायचं. घंटा झाली की आजीबाई म्हणत, "उघडा," आणि कुणी काय ऐकलं ते एकेकाने सांगायचं.

आजीबाई निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. बाकीचे तास एकेक करून दुसऱ्यांच्या हाती गेले, हा मात्र कुणी मागितलाच नाही, म्हणून राहिला. त्या एका तासासाठी त्या सकाळपासून तयारीला लागत. साडीची घडी उलगडून बघत, चष्मा पुन्हा पुन्हा पुसत. "लग्नाला निघाल्यासारखी काय गं तयारी!" असं मुलगा चिडवायचा. त्यावर त्या म्हणत, "लग्नात नुसतं जेवायला बोलावतात. इथे माझी वाट बघतात."

त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणजे त्यांची सूनच. मुलं सुनेला मोठ्या बाई म्हणत आणि सासूला आजीबाई. त्यामुळे घरात जी मोठी ती शाळेत धाकटी आणि घरात धाकटी ती शाळेत मोठी, असा सगळा उलटा कारभार होता. दोघींनाही त्याची मनातून गंमत वाटे. फाटकाबाहेर "आई" आणि "अगं", फाटकाच्या आत "बाई" आणि "बाई". मोठ्या बाईंच्या कमरेला कपाटांच्या किल्ल्यांचा एक जुडगा असे. बाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर असल्या तरी त्याच्या छुमछुमीने वरच्या वर्गात त्यांची वर्दी पोचे.

ऐकण्याच्या तासाला आजीबाईंना जे ऐकू येई, ते त्यांना दुसरीकडे कुठेच ऐकू येत नसे. आधी जवळचे आवाज येत, बाकाची कुरकुर, कुणाचं तरी सुरसुरतं नाक. ते विरले की लांबचे आवाज हळूहळू पाय टाकत येत. रस्त्यापलीकडच्या सुतारखान्यातली करवत. सायकलच्या साखळीची टिकटिक. खालच्या वर्गातले पाढे, शब्द गळून पडलेले आणि नुसती चाल उरलेली. मग त्यांना वाटे की आपण एखाद्या मोठ्या शंखाच्या आत बसलो आहोत आणि सगळं गाव त्याच्या तोंडाशी येऊन कुजबुजतं आहे.

आणि सगळ्यात शेवटी, घंटा होण्याच्या जरासं आधी, खिडकीबाहेरचं मोठं झाड सळसळायचं. वारा असो नसो, दर वेळी. एक मऊ सळसळ, जणू पाखरांचा थवा उतरून फांद्यांवर बसला. लगेच सगळं गाढ शांत, आणि मग घंटा.

"घंटा होणार हे आपल्या आधी झाडाला कळतं," असं त्या शिक्षकांच्या खोलीत सांगत. सगळे हसत, पण मायेने. म्हाताऱ्या माणसाचं एखादं झाड असतं, असू द्यावं.

त्या वर्षी मात्र अभ्यासक्रमाची आखणी नव्याने व्हायची होती. मोठ्या बाईंनी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि फळ्यावर दोन जड शब्द लिहिले, अध्ययन निष्पत्ती.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "तास संपल्यावर मुलाला काय करता येईल, ते एका वाक्यात लिहायचं. एवढाच अर्थ आहे. पण दोन गोष्टी सांभाळायच्या. वाक्यात काम करणारं मूल हवं, आपण नाही. आणि ते काम दिसायला हवं, नाहीतर ऐकू यायला हवं. 'समजेल', 'रुजेल', 'आवडेल' ही क्रियापदं आज दाराबाहेर ठेवून यायची."

"चपलांसारखी?" शिवणाच्या बाईंनी विचारलं.

"अगदी चपलांसारखी. घरी जाताना घाला परत."

शिवणाच्या बाईंचंच वाक्य सगळ्यात आधी जमलं. 'मूल सुईत दोरा ओवून कापडाला असं बटण लावेल की जोरात ओढलं तरी निघणार नाही.' मोठ्या बाई खूश झाल्या. मूल काय करेल ते आलं, कशावर करेल ते आलं आणि कितपत चांगलं करेल तेही आलं. बटण ओढून बघितलं की झालं.

मग आजीबाईंनी आपला कागद काढला. वाक्यं त्यांनी सुंदर अक्षरात लिहिली होती. 'मुलांचं मन शांत होईल.'

"शांत झालं हे आपल्याला कसं दिसेल, बाई?" मोठ्या बाईंनी हळुवार विचारलं.

'मुलांना निसर्गाची ओढ लागेल.'

"ओढ मोजायला कोणती पट्टी घ्यायची?" गणिताचे सर म्हणाले. ते काही खवचट नव्हते. आकड्यात सापडेना असं काही दिसलं की त्यांचा जीव खरोखरच कासावीस व्हायचा.

'बाई मुलांना शांततेचा अनुभव देतील.'

"हे तुम्ही करणार," मोठ्या बाई म्हणाल्या. "मूल काय करणार?"

आजीबाईंनी कागद उलटा केला. मागे कोरा होता.

गणिताच्या सरांनी घसा खाकरला. "राग मानू नका आजीबाई, पण तिसरीची मुलं हातचा घ्यायला विसरतात हो. अजून एक तास मिळाला असता तर..."

त्या दुपारी तिसरीच्या वर्गात भिंतीवर जे वेळापत्रक लावलेलं होतं, आजीबाईंच्या खुर्चीच्या अगदी मागे, त्यातल्या 'ऐकणे' या चौकटीत पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं गेलं, 'गणित?' अक्षर सुनेचं होतं. आजीबाईंनी ते दुरूनच ओळखलं. प्रश्नचिन्हाचं टिंब किंचित लांब काढायची तिची सवय त्यांना किराण्याच्या चिठ्ठीवरून ठाऊक होती.

घरी त्या संध्याकाळी दोघी भाजी चिरत होत्या. विळी आणि सुरी यांचंच काय ते संभाषण चाललं होतं. मुलगा बस चालवायचा. तो कामावरून आला, हात धुतले, दोघींकडे आळीपाळीने बघितलं.

"आज काय, घरात पण ऐकण्याचा तास आहे का?"

"यांना निष्पत्ती लिहायची आहे," बायको म्हणाली.

"मग लिहा की. जेवण झाल्यावर मूल आपलं ताट स्वतः उचलेल आणि घासून पालथं घालेल. हे तपासताही येतं."

"आणि मूल म्हणजे कोण?" आईने विचारलं.

"मीच की. दुसरं कोण आहे इथे शिकण्यासारखं?"

दोघी हसल्या आणि कोंडी फुटली. सून विळी बाजूला सारून आजीबाईंच्या जवळ सरकली. "आई, मला तुमचा तास काढायचा नाहीये. खरंच. पण मी बाकीच्या सगळ्यांचं वाक्य तपासायचं आणि सासूचं तेवढं डोळे मिटून पास करायचं, हे बरं दिसेल का? लोक तोंडावर बोलणार नाहीत, पण मनात ठेवतील. मला एकच सांगा. त्या वेळात मुलं काय करतात?"

"डोळे मिटून ऐकतात."

"तुम्ही बघितलंय?"

आजीबाईंच्या हातातला कांदा तसाच राहिला.

"त्या वेळी माझेही डोळे मिटलेले असतात," त्या सावकाश म्हणाल्या.

"दर वेळी?"

"दर वेळी. मुलांना मिटायला सांगून आपण उघडे ठेवायचे, ही फसवणूक नाही का?"

सुनेने कांदा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि आपणच चिरला. "पुढच्या आठवड्यात आखणी वर पाठवायची आहे, आई," एवढंच ती म्हणाली. "त्याआधी एक वाक्य द्या. एकच. पण खरं."

सुट्टीच्या दुपारी आजीबाई खिडकीशी आरामखुर्चीत कलंडल्या आणि त्यांचा डोळा लागला. स्वप्नात त्या आपल्याच वर्गात होत्या. उजेड ताकासारखा पातळ, पांढरट होता. बाकं ओळीने मांडलेली होती, पण बाकांवर मुलं नव्हती. मुलांच्या जागी नुसते आवाज बसले होते. पहिल्या बाकावर एक सुरसुरतं नाक. त्याच्या शेजारी एक कोरडा खोकला. मागे एक अडवून धरलेलं हसू. आजीबाई हजेरी घेऊ लागल्या, "नाक?" "हजर." "खोकला?" "हजर." मग त्यांनी विचारलं, "अरे, तुमचे चेहरे कुठे आहेत?" त्यावर सगळे आवाज एकमेकांकडे वळल्यासारखे झाले आणि हसू म्हणालं, "आजीबाई, ते तर तुम्हीच मिटवून ठेवले."

त्या जाग्या झाल्या तेव्हा ऊन खुर्चीच्या हातावरून पायाशी उतरलं होतं. बराच वेळ त्या तशाच पडून राहिल्या. मनाशी त्यांनी एका मुलाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, ऐकत असलेल्या मुलाचा. भुवया उंचावतात का? ओठ हलतात का? आयुष्यभर मुलांना ऐकायला शिकवलं आणि ऐकणारं मूल कसं दिसतं हे माहीत नाही. आचाऱ्याने जन्मभर रांधावं आणि जेवणाऱ्याचं तोंड कधी बघूच नये, तसलं झालं की हे.

पुढच्या तासाला त्या वर्गात आल्या, काठी टेकवली, चष्मा नाकावर नीट बसवला. त्या चष्म्याच्या जाड काचांवर खिडकीचा उजेड पडला की आतले डोळे बाहेरून दिसत नसत. याचा कधी उपयोग होईल असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मिटा," त्या म्हणाल्या आणि मान नेहमीसारखी किंचित खाली घालून त्यांनी पापण्यांमध्ये एक बारीक फट ठेवली. चोरी करायला आल्यासारखं त्यांना वाटलं.

पहिल्यांदा काहीच घडलं नाही. सगळी मुलं डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, देवमाणसांसारखी बसली होती. आजीबाईंचा जीव भांड्यात पडला. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीने एक डोळा उघडला. केसांच्या लांब वेणीमुळे सगळे तिला शेपटी म्हणत. तिने आजीबाईंकडे टक लावून बघितलं आणि करंगळी वर केली.

सगळ्या वर्गाचे डोळे उघडले. एकदम. जणू एकाच झाडाच्या कळ्या.

शेपटीने चपला काढल्या, खाली ठेवल्या, आणि ठेवताना हात मध्ये घातला, म्हणजे जमिनीला लागून आवाज नको. मग मुठीतून एक हिरवी काचेची गोटी काढली आणि शेजाऱ्याच्या तळहातावर ठेवली. त्याने मूठ मिटली, वळला, मागच्याच्या हातात दिली. गोटी निघाली. बाकावरून बाकावर, ओळीतून ओळीत, आणि तिच्याबरोबर वर्गही निघाला. मुलं उठत होती, जागा बदलत होती, एकमेकांना वाट देत होती, आणि आवाज म्हणाल तर भिंतीवरून सावली सरकल्याचा जेवढा होईल तेवढा. एका गुबगुबीत मुलाला सगळे कापूस म्हणत. इतर तासांना तो चालला की फरशी दणाणायची. तो आता टाचा उचलून, जीभ दातांत धरून, पाण्यावरून चालावं तसा दोन बाकांच्या मधून गेला. कुणाला शिंक येऊ लागली, तर शेजारणीने लगेच त्याच्या नाकाखाली बोट धरलं. बोलायचं ते सगळं बोटांनी. चार बोटं म्हणजे मागची ओळ, कानाची पाळी धरली म्हणजे थांब. आजीबाईंनी हे त्यातल्या कुणालाच शिकवलेलं नव्हतं.

दारात एक मुलगी बसली होती. तिचं काम वेगळं होतं. ती खेळत नव्हती. तिने डोळे खरोखरच मिटले होते आणि कान जिन्याच्या दिशेला लावला होता. सुतारखान्यात करवत चालली होती, खाली पाढे चालले होते, कुठेतरी बादली भरत होती, आणि ती त्या सगळ्या आवाजांच्या गर्दीत एकाच आवाजाची वाट बघत होती.

शेवटी गोटी कापसाकडे आली. तो पाऊल न वाजवता आजीबाईंच्या टेबलापर्यंत आला. इतका जवळ आला की त्याच्या श्वासाला येणारा पेन्सिलीच्या लाकडाचा वास त्यांना आला. त्याने गोटी टेबलाच्या कडेवर, काठीजवळ, ठेवली. गोल, घसरडी काचेची गोटी, आणि ती घरंगळली नाही. एक क्षण तिथे ठेवून त्याने ती पुन्हा उचलली. सगळ्या वर्गाने तोंडावर हात दाबले. तोच खेळाचा कळस होता.

तेवढ्यात दारातल्या मुलीने हात वर केला. खाली जिन्याखाली शिपाईमामांची खुर्ची करकरली होती. घंटा वाजवायला उठताना ती नेहमी करकरते. हा आवाज आजीबाईंनीही आजवर शेकडो वेळा ऐकला असेल, पण कधी ध्यानात घेतला नव्हता. मुलं पळाली. टाचा उचलून, फ्रॉक आणि सदरे आवरून, सगळी एकाच वेळी आपापल्या जागी परतली. एक मऊ सळसळ झाली. जणू पाखरांचा थवा उतरून फांद्यांवर बसला.

आजीबाईंनी खिडकीकडे बघितलं. बाहेरचं झाड स्तब्ध होतं. एकही पान हलत नव्हतं.

मग घंटा झाली.

"उघडा," त्या म्हणाल्या. मुलांनी डोळे उघडले, झोपेतून उठल्यासारखे चोळलेसुद्धा. "काय ऐकलं?"

"झाड, आजीबाई!" शेपटी गोड आवाजात म्हणाली. "आज झाड छान वाजलं."

शाळा सुटल्यावर सासू-सून एकत्रच घरी निघाल्या. रस्त्यावर संध्याकाळचं मऊ ऊन होतं. किल्ल्या छुमछुम वाजत होत्या. आजीबाईंच्या मनात दोन बाजू भांडत होत्या. सांगावं, तर सून म्हणेल, हा तर नुसता दंगा, आणि तास जाईल. न सांगावं, तर 'मन शांत होईल' याच्यापुढे आपल्याकडे वाक्य नाही, आणि आता ते वाक्य खोटं आहे हे माहीत असताना लिहिता यायचं नाही. तसाही तास जाणारच. आणि तास गेला की शाळेच्या फाटकातून आत जायला त्यांना काही कारण उरणार नव्हतं.

"अगं," त्या शेवटी म्हणाल्या, "ते झाड नव्हतं."

"कुठलं झाड, आई?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. गोटी, करंगळी, कापूस, दारातली मुलगी, खुर्ची. सांगता सांगता त्या रस्त्यातच उभ्या राहिल्या आणि कापूस कसा चालला ते टाचा उचलून दाखवू लागल्या, काठीसकट. एक सायकलवाला वळसा घालून गेला.

"म्हणजे इतकी वर्षं," सून म्हणाली, "दर वर्षीची नवी मुलं तुम्हाला फसवताहेत?"

"हो ना."

"आणि तुम्हाला राग नाही आला?"

"राग कसला येतोय! अगं, इतकं सुरेख फसवताहेत! त्या कापसाला तू मैदानात बघतेस ना? दाराच्या चौकटीला आपटल्याशिवाय तो दारातून जात नाही. आणि काचेची गोटी माझ्या नाकाखाली ठेवून गेला, टेबलाला पत्ता नाही." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "वाईट एवढंच वाटलं, की मला वाटत होतं मी काहीतरी शिकवते आहे. आणि झाडाचंही जरा वाईट वाटलं."

सून म्हणाली, "मग आता वाक्य सांगा."

आजीबाईंना ते तयार सापडलं. शोधावं लागलं नाही. जे बघितलं ते सांगायचं होतं. "मूल, डोळे मिटलेल्या माणसाला चाहूल लागू न देता, वर्गात एका जागेहून दुसऱ्या जागी जाईल आणि हातातली वस्तू आवाज न करता दुसऱ्याच्या हाती देईल. आणि आजूबाजूच्या आवाजांतून लांबचा ठरलेला आवाज वेगळा ओळखून वेळेवर जागेवर परत बसेल."

"मूल काय करेल ते आलं," सुनेने बोटं मोजायला सुरुवात केली. "कुठे करेल ते आलं. कितपत करेल, तर चाहूल न लागू देता. तपासणार कसं?"

"मी डोळे मिटून बसेन. चाहूल लागली तर नापास."

सून हसली, पण लगेच मुख्याध्यापिका झाली. "एक अडचण आहे. निष्पत्ती तासाच्या सुरुवातीला मुलांना सांगायची असं ठरलंय. फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची. आपण कुठे चाललोय हे मुलांना माहीत हवं."

"अगं, पण मला माहीत आहे हे त्यांना कळलं, तर कोण कशाला टाचा उचलेल?"

हे मात्र मोठ्या बाईंच्या कुठल्याच नियमात नव्हतं. त्या घरापर्यंत विचार करत आल्या. फाटकाची कडी काढताना म्हणाल्या, "अर्धी फळ्यावर लिहा, आवाज ओळखण्याची. अर्धी आपल्या दोघींत. पण आई, मला ते बघायला हवं. तुमच्या तोंडून ऐकून मी सही केली, तर तीही डोळे मिटूनच केल्यासारखी होईल. बघते, आणि मग ठरवते."

"ये," आजीबाई म्हणाल्या. "पण तुझ्या किल्ल्या सांभाळ."

पुढच्या तासाला मोठ्या बाई येऊन मागच्या बाकावर, खिडकीशी बसल्या. त्यांना बघून वर्ग ताठ झाला. शेपटीने मूठ खिशात घातली. आजीबाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात अर्धं वाक्य लिहिलं, खुर्चीवर बसल्या. पाठीमागे भिंतीवर वेळापत्रक होतं आणि त्यातल्या 'गणित?'ची टोचणी त्यांना न बघताही मानेला जाणवत होती.

"मिटा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी. मोठ्या बाईंनीसुद्धा."

आणि त्यांनी स्वतःही डोळे मिटले. पूर्ण. फट न ठेवता. चाहूल तपासायची तर तशीच तपासायला हवी, लबाडी करून नव्हे.

सुरुवातीला भयंकर शांतता होती, आणि ती खरी होती. मुलं हलत नव्हती. मुख्याध्यापिका मागे बसल्या असताना कोण हलेल? आजीबाईंना वाटलं, संपलं. आज इथे खरोखरच नुसती मिटलेली मुलं बसली आहेत आणि मोठ्या बाई त्यांच्याकडे बघताहेत, आणि बघण्यासारखं काही नाही. करवत आली आणि गेली. पाढे आले. सायकल गेली. त्यांनी किल्ल्यांसाठी कान लावले. सून जरा हलली तरी त्या वाजायला हव्या होत्या. त्या वाजल्या नाहीत.

मग शंखाच्या आत गेल्यासारखं झालं. त्या ऐकत राहिल्या. कुठेतरी बादली भरत होती, भरत आली होती, आता वाहू लागली. मुलांचं काय चाललं आहे याचा त्यांना थांग लागत नव्हता. चाललं असेल, तर त्यांना कळायला नकोच होतं. चाललं नसेल, तरी ऐकू येणार नव्हतं. दोन्हींचा आवाज सारखाच होता. हे आपणच लिहून बसलो, असं मनात येऊन त्यांना हसू फुटणार होतं, तेवढ्यात एक आवाज आला.

अगदी जवळून, पाठीमागून. मऊ, सारखा, मांजराने पंजा चाटावा तसा. जरा थांबला, पुन्हा आला. आजीबाईंनी तो मनात उलटा-सुलटा करून बघितला. कापड? नाही. पाल? नाही. पाऊलही नव्हे. इतकी वर्षं ऐकण्याचा तास घेणाऱ्या बाईंना तो ओळखता येईना. मग एक हलकी फुंकर ऐकू आली, आणि त्यांच्या मानेवर काहीतरी बारीक पडलं, पिठाच्या कणासारखं.

खाली खुर्ची करकरली. झाड सळसळलं, थोडं जास्तच, जणू आज एक मोठं पाखरूही थव्यात होतं.

घंटा झाली.

आजीबाईंनी डोळे उघडले, पण "उघडा" म्हणाल्या नाहीत. सगळा वर्ग डोळे मिटून बसला होता. मागे मोठ्या बाईही बसल्या होत्या, डोळे घट्ट मिटून, गाल लाल झालेले, किल्ल्यांचा जुडगा रुमालात गुंडाळून छातीशी धरलेला. दुसरी मूठ मिटलेली होती आणि बोटांच्या फटीतून हिरवं काहीतरी चमकत होतं. आधी त्या ज्या बाकावर बसल्या होत्या, त्याच्या पलीकडच्या बाकावर आता होत्या. चपला मात्र खिडकीखाली, पहिल्या जागीच राहिल्या होत्या.

आजीबाईंनी मानेवर हात फिरवला. बोटाला खोडरबराचे काळपट कण लागले. त्यांनी मागे वळून भिंतीकडे बघितलं. वेळापत्रकातल्या त्या चौकटीत 'ऐकणे' तेवढं उरलं होतं, आणि त्याच्या शेजारी कागद जरासा खरखरीत झाला होता.

त्या परत वळल्या. चपला अजून खिडकीखालीच होत्या. आजीबाईंनी काही न बोलता पुन्हा डोळे मिटले. सुनेला चपला घालायला जरा वेळ द्यायला हवा होता.